भिंतीकडची खुर्ची

९ एप्रिल

ताई,

नमस्कार घे, भावोजींनाही सांग. तुझ्या लेकीचे दुधाचे दात पडायला लागले असतील आता. आईच्या गुडघ्यांना नव्या औषधाने उतार पडला का? आणि बाबांना म्हणावं, माझ्यासाठी पेपरातली कात्रणं कापून ठेवू नका. कपाटात आधीच जागा नाही.

फोन लागत नाही म्हणून तू काळजीत असशील. बिघडलेला नाही, मीच बंद ठेवलाय. मी मजेत आहे. वेळेवर जेवते, झोप चांगली लागते. दुपारीसुद्धा झोपते. मी, दुपारी! हसलीस ना?

फक्त मी आता खोलीवर राहत नाही.

सांगते. आमची अभ्यासिका तू पाहिली आहेस, कापडाच्या दुकानावरची. मागच्या वर्षी मी तिथे नाव घातलं तेव्हा सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या, भिंतीकडची एकच रिकामी. शेजारी खिडकी, वर पंखा. इतकी चांगली जागा कुणी कशी घेतली नाही, असं मी मालकांना विचारलं. "तुमच्या नशिबात होती म्हणा," ते म्हणाले. मी खूश झाले. बाकीच्या मुली माझ्या टेबलापाशी थांबत नसत. मला वाटलं, बरंच आहे, गप्पांत वेळ जाणार नाही.

यंदा स्पर्धा परीक्षेच्या निकालाच्या थोडं आधी, भर दुपारी, एक बाई जिना चढून वर आल्या. आपल्या आईच्या वयाच्या, नीटनेटक्या, हातात कापडी पिशवी. कुणाला काही न विचारता त्या सरळ माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"किती वाळलीस गं."

मी वळून म्हटलं, "मावशी, तुमची काहीतरी चूक होतेय. मी तुमची मुलगी नाही."

त्या रागावल्या नाहीत, गोंधळल्याही नाहीत. नुसत्या हसल्या. "दर वर्षी हेच म्हणतेस."

मी आजूबाजूला पाहिलं. हॉल गच्च भरलेला होता आणि एकीनेही मान वर केली नाही. पण पानं उलटायचा आवाज थांबला होता.

त्या गेल्यावर मी मालकांना गाठलं. ते हातातल्या किल्ल्या चाळवत राहिले, मग म्हणाले, बाईंची मुलगी त्या खुर्चीवर बसायची. शेवटच्या प्रयत्नाचा निकाल लागला तशी ती पुस्तकं उघडी टाकून जिना उतरली आणि पुन्हा कुणाला दिसली नाही. "तेव्हापासून निकालाच्या सुमारास त्या येतात. त्या खुर्चीवर जी असेल ती त्यांची मुलगी."

"मग आधीच्या मुलींनी काय केलं?"

"नाही म्हणाल्या. सगळ्याच आधी नाही म्हणतात."

"आणि नंतर?"

"ज्या पास झाल्या त्या नोकरीवर गेल्या. बाकीच्यांचं मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "त्यांचं सामान न्यायला कुणी आलं नाही."

मी दुसऱ्या दिवशी खुर्ची बदलून मागायला हवी होती. मागितली नाही. डोक्यात फक्त निकाल होता.

ताई, निकाल लागलाय. लांबलाय असं मी बाबांना सांगितलं ते खोटं होतं. माझी निवड झाली नाही. थोडक्यात हुकली असंही नाही, बरीच मागे राहिले. आणि वयोमर्यादा संपली, आता पुन्हा बसता येणार नाही. बाबा शेजाऱ्यांसमोर मला 'आमच्या साहेब' म्हणतात ना, त्या दिवशी ते सारखं कानात वाजत होतं.

निकाल पाहून मी त्याच खुर्चीवर येऊन बसले. दुसरीकडे कुठे जाणार होते? बाई आल्या. "काय झालं?" एवढंच विचारलं त्यांनी, आणि मी सगळं सांगून टाकलं. तुझ्याजवळ ज्यासाठी तोंड उघडलं नाही, ते एका परक्या बाईजवळ भडाभडा बोलून गेले. त्यांनी ऐकून घेतलं. माझे केस कानामागे सारले.

"सुटलीस," त्या म्हणाल्या. "चल घरी."

"हो, आई," मी म्हटलं.

तोंडातून कसं निघालं, मला माहीत नाही.

घर छान आहे, उजेड भरपूर आहे. माझी खोली आधीच आवरून ठेवलेली होती. कपाटात कपडे आहेत, सगळे तरुण मुलींचे, पण एका मापाचे नाहीत. माझ्या मापाचे मला शोधावे लागले नाहीत, वरच ठेवले होते. "बाकीच्या कुठे गेल्या?" मी एकदा जेवताना विचारलं. त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "बाकीच्या कोण? मला तर एकच मुलगी."

त्या फार मायेने वागतात, ताई. निकालाचा शब्दही काढत नाहीत. हाक मात्र त्यांच्या मुलीच्या नावाने मारतात. सुरुवातीला मला कळायचंच नाही की आपल्याला बोलावताहेत. काल स्वयंपाकघरातून हाक आली आणि मी विचार न करता ओ दिली.

आज सकाळी बाबांचा चेहरा आठवून पाहिला. चष्मा आठवला, मिशी आठवली. डोळे काही केल्या आठवेनात. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

दाराला कुलूप नसतं. मला कुणी अडवत नाही. रोज मी फाटकापर्यंत जाते, आणि तिथे उभं राहिल्यावर बाबांना काय सांगायचं ते सुचत नाही. मग आतून कुणी हाक मारायच्या आधीच मी वळलेली असते.

पाकिटावर पत्ता आहे. तू ये. बाबांना निकाल तूच सांग, मला सांगायला लावू नकोस. दार मीच उघडेन. मी तुला 'कोण हवंय?' म्हणून विचारलं तर माघारी फिरू नकोस. काही समजावत बसू नकोस. माझा हात धर आणि चालायला लाग.

अजून तरी तुझीच,
धाकटी