दोन सूत उघडं दार

प्रिय मेहुणेबुवा,

हे पत्र ज्या टेबलावर लिहितो आहे ते मी केलं. टेबल ज्या खोलीत आहे ती खोली, तिचा दरवाजा, दरवाज्याची चौकट, खाली जाणारा सतरा पायऱ्यांचा जिना (प्रत्येक पायरी साडेसहा इंच, कुठलीही मोजून पाहा), बावीस खिडक्या, आईची खाट, गच्चीवरच्या टाकीचं झाकण, तुझ्या ताईचं शिकवायचं मेज आणि माझ्या चष्म्याची डावी काडी, हे सगळं या दोन हातांनी केलेलं आहे. शाळा नववीत सुटली, पुढचं सगळं बघून बघून शिकलो. तुला ही यादी तोंडपाठ आहे, कारण गेली तेवीस वर्षं दर भेटीत मी ती तुला ऐकवत आलोय. आज पुन्हा लिहिली ती फुशारकी म्हणून नाही. पुढे जे कबूल करायचं आहे त्याच्या आधी पायाखाली काहीतरी असावं म्हणून.

तू कसा आहेस? गुडघा काय म्हणतो? पोरांच्या परीक्षा बऱ्या गेल्या असतील. तुझ्या मंडळींना नमस्कार सांग, त्यांच्यावर अचानक एका पाहुणीचा भार पडलाय त्याबद्दल वेगळा सांग. ताईची खुशाली तुला विचारणं म्हणजे तिला न विचारणं, आणि तिला विचारायचं माझं धाडस नाही, तेव्हा तो विषय तूर्त राहू दे. आई बरी आहे. माझ्याशी बोलत नाही, पण बरी आहे.

पत्र कागदावर लिहितोय याचं नवल वाटेल. नेट बंद आहे म्हणून नव्हे. नेट आता झकास चालतं, नऊच्या नऊ खोल्यांत. मी रोज तीनदा स्पीड मोजून वहीत टिपतो. पण फोनवर लिहिलेलं पुसता येतं, आणि हे मला पुसता येऊ नये असं वाटलं.

तर झालं असं. तुझ्या ताईची भूमितीची शिकवणी तिसऱ्या मजल्यावरून चालायची, सत्तावीस मुलं, आणि तिथे एका राउटरचं नेट पोचत नव्हतं. मी तुला फोन केला. तू बिचाऱ्याने ऑफिसातलं काम बाजूला ठेवून पाऊण तास समजावलंस, की भावोजी, एवढ्या घराला मेश घ्या, म्हणजे एकमेकांना जोडलेले राउटर, एक मुख्य आणि तीन जोडीचे. एकमेकांशी बोलायला ज्यांचा वेगळा पट्टा असतो तसले बघा. मुख्य मधल्या मजल्यावर, सगळे उघड्यावर, छातीच्या उंचीला. मी प्रत्येक वाक्याला हं म्हटलं आणि कागदावर फक्त 'चार नग' एवढंच लिहिलं.

निवड करायला मला सहा आठवडे लागले. प्लायवूडच्या एका तुकड्यावर मी तक्ता केला, चौदा कंपन्या, नऊ रकाने, रेघा सुताराच्या गुण्याने अगदी काटकोनात मारलेल्या. रकाने भरताना लक्षात आलं की त्यातल्या आठ रकान्यांत काय लिहायचं ते मला कळत नाही. नववा रकाना वजनाचा होता. आता हातोडी घ्या, रंधा घ्या, पक्कड घ्या, आयुष्यभर मी हत्यार वजनावर पारखलंय आणि कधी फसलो नाही. तेव्हा मी स्वयंपाकघरातला काटा पिशवीत घालून दुकानात गेलो. दुकानदार आधी हसला, मग मी त्याला पाचवा खोका उघडायला लावला तेव्हा हसायचा थांबला. सगळ्यात जड होता तो संच मी घेतला. (त्यातला एक घरी आणून उघडला, आतले सांधे बघायला. त्याची वॉरंटी गेली. सांधे फालतू होते.)

यंत्रं चांगली होती, हे आता मान्य करायला हवं. पहिल्या दिवशी चारही टेबलांवर ठेवून चालवली तेव्हा गच्चीवरसुद्धा नेट आलं. पण दिसायला ती साबणाच्या वड्यांसारखी, पांढरीफटक. माझ्या सागवानी घरात ती अशी उघडी पडलेली मला बघवेनात. म्हणून मी त्यांना चार कपाटं केली. एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचेचे, वर तीन हात पॉलिश, आणि वाळवी लागू नये म्हणून आतून, दारासकट, जस्ताचा पत्रा. वायर जाण्यापुरतं भोक. कपाटं बघायला शेजारचे दोघे मुद्दाम येऊन गेले.

आणि त्याच आठवड्यात नेट यायला-जायला लागलं.

इथून पुढचं वाचताना तुला राग येईल, तो येऊ दे. कपाटांत एक खोट राहिली होती. बिजागऱ्या केसभर तिरक्या बसल्या होत्या, त्यामुळे दार लोटलं तरी हळूहळू आपोआप दोन सूत, म्हणजे पाव इंच, उघडं व्हायचं. आता मी कसा माणूस आहे ते तुला माहीत आहे. माझ्या घरात माझंच दार अर्धवट उघडं दिसलं की मला घास गिळवत नाही. मी येता-जाता ते दार बोटाने लोटायचो. खालून वर जाताना लोटायचो, वरून खाली येताना लोटायचो. आणि वरून तुझी ताई विचारायची, 'अहो, नेट गेलं का?' मी म्हणायचो, बघतो, आणि बघायला खाली जाताना उरलेलं दार लोटायचो.

एका संध्याकाळी तिचा वर्ग अकरा वेळा तुटला. 'समजा हा त्रिकोण' एवढ्यावर तिचं तोंड उघडं गोठलं, त्याचं मुलांनी स्टिकर केलं, आणि ते फिरत फिरत आमच्याच घरी आलं. ती त्यावर हसली. सहा मुलांच्या पालकांनी शिकवणी बंद केली, त्यावर ती हसली नाही.

मी मात्र गुन्हेगार शोधत होतो. आधी नेट देणारी कंपनी, मग शेजाऱ्याची पत्र्याची शेड, मग तू. घरच्या ग्रुपवर, जिथे एक्केचाळीस माणसं आहेत, मी काय लिहिलं ते तुला पाठ असेल, तरी मी इथे हाताने पुन्हा लिहितो, शिक्षा म्हणून: 'ज्याने जन्मात एक खिळा सरळ ठोकला नाही त्याच्या सल्ल्याने मी माझं घर बिघडवून घेतलं.' तू उत्तरादाखल फक्त नमस्काराचे हात पाठवलेस. ते मला उद्धटपणाचे वाटले. आता कळतंय की ते नमस्काराचेच होते.

परीक्षेआधीच्या उजळणीचा पहिला वर्ग बुधवारी संध्याकाळी होता. बुधवारी सकाळी, आज तिचं काम नीट व्हावं, मी आपल्याकडून काही कसर ठेवू नये, अशा शुद्ध हेतूने मी चारही कपाटांच्या दारांना लोहचुंबकाचे कॅच बसवले. टक्. टक्. टक्. टक्. दारं अशी बसली की मधून पोस्टकार्ड जाईना. त्या दिवशी वर्ग तुटला नाही. सुरूच झाला नाही. गुरुवारी ती फळा, लॅपटॉप आणि एक बॅग घेऊन तुझ्याकडे आली, आणि तुझ्या त्या अडीच खोल्यांतून एकवीस मुलांना शिकवते आहे.

सोमवारी कंपनीची मुलगी आली, आमच्या धाकट्या लेकीएवढी असेल. घरभर फिरून म्हणाली, यंत्रं कुठायत? मी म्हटलं, बघाच. (माझ्या आवाजात अभिमान होता. तो आठवला की कान तापतात.) मी पहिलं कपाट उघडलं. आतला लाल दिवा पांढरा झाला. दुसरं उघडलं, आईच्या खोलीतून पाच दिवसांचे निरोप एकदम वाजायला लागले. तिसरं, चौथं, आणि घर किणकिणायला लागलं. मुलगी सांध्यांवरून बोट फिरवत म्हणाली, 'काका, काम फार सुरेख आहे. पण यांना कोंडलंय कशाला?'

मी वाळवीचं आणि आतल्या पत्र्याचं सांगितलं. ती वाद घालत बसली नाही. माझा फोन कपाटात ठेवायला लावला, दार लावायला लावलं आणि तिच्या फोनवरून मला फोन केला. आम्ही दोघे कपाटाकडे बघत उभे राहिलो. ते वाजलं नाही. मग तिने दार दोन सूत उघडलं आणि पुन्हा फोन लावला. वाजला.

मेहुणेबुवा, माझ्या कामात खोट होती तोवर हे घर चालत होतं. मी ती दुरुस्त केली आणि तुझी ताई गेली. तू पाऊण तासात 'उघड्यावर' हा शब्द चारदा म्हणाला होतास, हे मला त्या मुलीसमोर आठवलं. ग्रुपवर मी हे सगळं आजच लिहितोय, एक्केचाळीस जणांसमोर, हेच वाक्य उलटं करून. तुला मात्र कागदावर: मला माफ कर.

तुझा,
भावोजी

ता. क. एक मागायचं आहे. ताईला परत ये म्हणून सांगू नकोस, ते सांगायचा हक्क मला नाही. फक्त तिच्या वर्गाची लिंक तिला विचारून मला पाठव. मी कॅमेरा बंद ठेवीन, आवाज बंद ठेवीन, वहीत त्रिकोण काढत मागे बसेन. माझी भूमिती त्या नववीतच राहिली आहे. आणि इकडे नेट चालतं हे तिला माझ्या हजेरीवरून कळेल, मला सांगावं लागणार नाही.

ता. क. दुसरा. ती नेटमुळे तुझ्याकडे आली असं मी वर लिहिलंय आणि तिनेही तुला तेच सांगितलं असणार, कारण ती माझी लाज झाकते. खरं असं की यंत्रं घ्यायच्या आधी एका दुपारी तिने माझ्या तक्त्यावर एक पाकीट ठेवलं. म्हणाली, 'माझ्या शिकवणीचे आहेत, पहिल्या वर्षाचे. माहितगार माणसं बोलावू, ती बसवून देतील. तुम्ही नुसते बसून चहा प्या.' मी पाकीट न उघडता परत सरकवलं आणि म्हणालो की या घराला आजवर बाहेरचा पैसा लागलेला नाही. 'बाहेरचा' हाच शब्द मी वापरला. ती पाकीट उचलून वर गेली. पाकिटावर तिने पेन्सिलीने आकडा लिहिला होता, तो मला समोरून उलटा दिसत होता तरी मी वाचला होता, आणि अजून विसरलेलो नाही. एकतीस हजार आठशे.