विमानाच्या पंखावर रुमाल

आबा, परवा बंगळूरला जाऊन लढाऊ विमान बघून आलो. आमच्या कारखान्याने तपासणी खात्यातल्या चौघांना विमानांच्या प्रदर्शनाला पाठवलं होतं. नवं कोरं राखाडी विमान दोरीच्या आत उभं होतं. हवेतली लढाई, जमिनीवरचा मारा, टेहळणी, सगळं हे एकटंच करतं, असं पहाऱ्यावरचा जवान सांगत होता. बरोबरचे तिघं हरखून गेले, फोटो काढून काढून रीळ संपवलं. मला काहीच वाटलं नाही. तुम्ही गेलात तेव्हाही असंच झालं होतं. घरात रडारड चाललेली आणि मी लाकडं कोण आणणार ते विचारत फिरत होतो.

मी फक्त सांधे बघत होतो. पंखाचे पत्रे जिथे जुळतात तिथे दोरीवरून वाकलो, खिशातला रुमाल काढला आणि पत्र्यावरून हलकेच ओढला. "ओ भाईसाब, हात मत लगाओ!" जवान खेकसला. बरोबरचे हसले. हुपरीत आपल्या घरी चांदीचं पैंजण असंच तपासायचे, हे त्यांना कुठून कळणार?

अजून डोळ्यांसमोर आहे: तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात, मांडीवर आईचं जुनं लुगडं. मी कानशीने घासून दिलेलं प्रत्येक पैंजण आधी अंगठ्याने चाचपून मग त्यावरून ओढताय. धागा अडकला की माझ्याकडे परत. "घास. बायमाणसाच्या पायात जायचं हाय ते." ताईच्या लग्नाचं पैंजण तुम्ही तीनदा परत केलंत. चौथ्यांदा घासायची वेळ आली तेव्हा टीव्हीवर मॅच सुरू झाली होती आणि माझं डोकं फिरलं होतं. तुम्ही पाणी प्यायला उठलात, तेवढ्यात मी ते तसंच तयार मालात टाकलं.

सप्तपदीला ताईचा शालू त्यातच अडकला आणि टरकन फाटला. विहीणबाई म्हणाल्या, "चांदीवाल्याच्या लेकीचं पैंजण, आन असं?" तुम्ही हात जोडलेत. "माझ्याच नजरंतनं सुटलं. आंगठ्यालाबी कळंना झालंय आता." मी शेजारीच उभा होतो. 

त्यानंतर तुम्ही कामाला हात लावला नाहीत. गिऱ्हाईक आलं की दारातूनच, "न्हाय पावणं, आता जमत न्हाय." पुढची तीन वर्षं उंबऱ्याशी बसून राहिलात, अंगठा बोटांवर घासत. मला रोज दिसायचं. रोज वाटायचं, उद्या सांगू.

रुमाल कुठेच अडकला नाही, आबा. एवढं मोठं विमान, पण एक धागा ओढला गेला नाही. कुणीतरी परत परत घासलं असणार.

तुमचा अंगठा चांगला होता. एवढंच लिहायला बसलो होतो. कागद घडी करून तुमच्या कानशीच्या डब्यात ठेवतोय. काल ताई गडहिंग्लजहून आली होती. तिला विमानाचं सगळं सांगितलं, पैंजणाचं नाही.