चिंधी बांधलेल्या शेंगा

४ डिसेंबर १९९७
सुमनला आज खिडकीशी बसवलं. दसऱ्याला घसरून कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून परसबाग माझ्या गळ्यात. मनमाडला रेल्वेत गार्डची नोकरी केली, जन्मात रोप लावलं नाही. ती खिडकीतून सांगते, मी करतो. मेथी, मुळा, वांगी ठीक. तिचा जीव अडकलाय पावट्यात. बी तिच्या आईचं. निफाडला माहेरी आता सगळी द्राक्षं, तिथे दाणा शिल्लक नाही. आमच्या डब्यातलं पावसाळ्यात बुरसलं. उरलेलं सारं तिनं पडायच्या आधी टोकलं, दोनच वेल आले. हे गेले की संपलं.

९ डिसें.
ऐन थंडीत पाऊस. दोन दिवस झोडपलं. मुळा कुजला, पावट्याची फुलं गळाली, खालची थोडी टिकली. सु. जेवली नाही. मी उगीच "नवी येतील" म्हणालो. मला काय कळतंय.

१५ डिसें.
ढगाळ. शेंड्यांवर काळ्या माव्याची कीड. राख टाका म्हणते. गॅसवाले आम्ही, राख आणायची कुठून? सखूबाई, दारावर भाजी विकायला येते ती, सु.ची मैत्रीणच, चुलीची पिशवीभर राख घेऊन आली. पैसे विचारले तर रागावली. पानांवर दव असताना उधळायची. निम्मी माझ्याच डोळ्यांत. सु. पडल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसली. त्या राखेचे उपकार फिटायचे नाहीत.

२८ डिसें.
कडाका. मेव्हण्याचा निफाडहून फोन. संध्याकाळी पाणी द्या, पहाटे धूर करा, आम्ही द्राक्षाला तेच करतोय. केलं. शेजारचे मास्तर खोकत बघायला आले, वर स्वतःच पाचोळ्याची पाटी देऊन गेले. वांगी करपली. वेल वाचले, शेंगा धरल्यात! माणसं चांगली भेटली आयुष्यात.

७ जाने. १९९८
बँकेतून आलो तर एका वेलावर, जाड शेंगांपाशी चिंधी. सखूबाई येऊन गेली होती. नजर लागू नये म्हणून असेल. विचारलं नाही.

१३ जाने., भोगी
लिहायला लाज वाटते. सु.ला चकित करायचं म्हणून सकाळीच भोगीच्या भाजीला शेंगा तोडल्या. चिंधीजवळच्या, सगळ्यात भरलेल्या. ऐटीत तिच्या मांडीवर ठेवल्या. तिनं एक शेंग हातात फिरवून बघितली. मग म्हणाली, "अहो, चिंधी बांधली म्हणजे त्या बियाण्याच्या. वेलावरच वाळवायच्या असतात."
हिरवा दाणा काय रुजणार. या वेलावर आता एकही दिसत नाही, दुसऱ्या वेलावरच्या तर आधीच खाऊन झाल्या. अख्खी नोकरी लाल झेंडीशी गेली आणि घरची खूण कळली नाही.
तिनंच दाणे सोलले, मला फोडणी सांगितली. तीळ, बाजरीची भाकरी. पहिल्या घासाला डोळे पुसले. "आईच्या हातची चव आहे," म्हणाली. एका शब्दानं बोल लावला नाही. अशी बायको मिळाली, यात माझी लायकी काही नाही.

१५ जाने.
सखूबाईला सांगितलं. "दादा, लय घाई केली तुम्ही. वर बघितलं का? भिंतीपल्याड?" स्टूल घेऊन चढलो. मास्तरांच्या बाजूला, पानांआड, एक शेंग. एकच. जुनी लाल झेंडी फाडून पट्टी बांधली. मास्तरांना हात जोडले. ते म्हणाले, "मी राखण करतो."

८ फेब्रु.
पुन्हा ढग. शेंग पिवळी पडलीय, पण ओली आहे. पाऊस आला तर कुजेल. वर प्लॅस्टिक बांधलं. सु. आज वॉकर घेऊन मागच्या दारापर्यंत आली, आपल्या पायांनी. मला रडू आलं, तिला नाही. "कानाशी हलवून बघा. आत दाणा वाजला की काढायची."
स्टुलावर चढून हलवली. ती दारातून विचारतेय, वाजला का?
अजून नाही.