अकरा एक

कोरीट, ता. ५ जाने. १९३४
दादाची शाळेतली मास्तरकीची जागा अखेर मला मिळाली. मेजाच्या खणात त्याची वही. ११,११,११,११,१११. अकरा वेळा एक. दोन वर्षं हाच आकडा घेऊन बसला होता. ही मूळ संख्या आहे, १ आणि स्वतः सोडून कशानेही भागली जात नाही, हे त्याला दाखवायचं होतं. शेतात जाता-येता म्हणायचा, अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा. आज घरी येताना बांधावर तेच ऐकू आलं. मागे वळून पाहिलं नाही.

ता. ९
वही चाळली. २२ने भागून १ उरेल असेच मूळ भाजक लावायचे, बाकीचे लागूच शकत नाहीत, हे दादाने आधी सिद्ध केलेलं. २३, ६७, ८९... थेट एक लाख पाच हजारांपर्यंत. त्यापुढे भाजकाचा वर्गच आकड्याहून मोठा, गरज नाही. प्रत्येक भागाकाराखाली माझी लाल खूण. ठरलं असं होतं की तो भागणार, मी परत भागून तपासणार. शेवटच्या पानावर त्याचं अक्षर: 'तुटत नाही.' मग तीन आठवड्यांनी ताप.

ता. १४
२५ला वर्षश्राद्ध. माय नंदुरबारला तांबटाकडे कळशी करायला टाकून आली. शाळेत पाण्याला द्यायची. वर दादाचं नाव, नावाखाली हा आकडा. मायला लिहितावाचता येत नाही. हा एवढा आकडा मात्र येतो, दादाने शिकवलेला.

ता. १७
सहज म्हणून २१६४९चा भागाकार करून पाहिला. मध्ये ५१७४ उरतात, तिथे दादाने ५७१४ लिहिलंय. आकडे उलटे पडले. त्याची बाकी २०४२४. माझी शून्य. तीनदा केला.
२१६४९ × ५१३२३९. तुटतो.
खाली माझी लाल खूण आहेच. त्या आठवड्यात खळ्यावर काम... नाही, खोटं कशाला. कंटाळा आला होता. परत भागलंच नाही, नुसता नऊचा ताळा पाहिला, अंकांच्या बेरजा तेवढ्या जुळवल्या. तो जुळला. उलटे पडलेले आकडे त्या ताळ्यात सापडत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

ता. १८
जेवण गेलं नाही. तापात दादाने विचारलं होतं, "नुसता ताळा नही ना देखा? परत भागीसन देखं ना?" मी हो म्हणालो. तो हसला, कूस बदलली. तिसऱ्या दिवशी गेला. ते हसू आता वर्गात, फळ्यासमोर, कुठेही दिसतं.

ता. २२
कळशी आली. माय ओट्यावर घेऊन बसली. "मोज बरं, आकरा शेतस ना?" मोजले. अकरा आहेत म्हणालो.
"तो म्हने, हाऊ आकडा कोनाकडथीन तुटत नही. तू देखं व्हतं ना?"
हो म्हणालो. दादाला म्हणालो होतो, अगदी तसंच. लाज वाटते.

ता. २४
उद्या कळशी शाळेत. दुपारी वही उघडली, खूण खोडायला टाक दौतीत बुडवला. बाहेर माय चिंचेने कळशी घासतेय. एकेका आकड्यावर बोट ठेवून मोजतेय. नऊ, धा, आकरा. मग परत पहिल्यापासून