गेटच्या रिमोटने जागी होणारी चिप

बायान बारू, पिनांग
मंगळवार, १२ ऑगस्ट

इल्यानी,

सलाम. तू बरी असशीलच. मीही मजेत आहे. पाक लांगच्या, म्हणजे माझ्या मोठ्या काकांच्या दुकानात रिमोटची गेटं दुरुस्त करतो. कॉलेज अर्ध्यात सोडल्याचं दुःख नाही. तुझी आठवण वगैरेही येत नाही. हे पत्र निव्वळ कामाचं आहे.

काल एका मकचिककडे, म्हणजे म्हाताऱ्या मावशीकडे गेलो होतो. ती करवादली, "शेजारच्या मेल्याने रिमोट दाबला की माझं गेट उघडतं! दोन कोंबड्या पळाल्या!" पाक लांग म्हणाले, "मकचिक, तुमचं गेट फार मनमिळाऊ आहे. कुणीही हाक मारली तरी ओ देतं."

मी शिडीवरच थबकलो. आपली चिप!

डोंगर खचायच्या आधी खबर देणाऱ्या यंत्रांसाठी केलेली. एका बॅटरीवर वर्षानुवर्षं झोपायचं, यंत्रांच्या जाळ्यातून रेडिओवर हाक आली तरच उठायचं. पण ती रोज जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी उगाच उठायची, आठवड्यात बॅटरी फस्त. तू आपल्या मार्गदर्शक डॉ. तेहांसमोर म्हणालीस, "हैकलच्या ट्रान्झिस्टरमधून वीज गळतेय." मी म्हणालो, "तुझा अँटेनाच भिकार!" आणि ओळखपत्र टेबलावर आपटून निघून आलो.

दोन्ही खोटं. जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी सगळे मास्तर गाडीतून पार्किंगच्या गेटाचे रिमोट दाबतात. आपल्या हाकेच्याही त्याच लहरी! आपली चिप नुसत्या आवाजाने उठते, कुणाचा ते बघतच नाही.

म्हणून आवाज आला की आधी एक चिमुकला पहारेकरी उठवायचा. हाकेचा ठेका जुळला, तरच त्याने बाकीची चिप उठवायची. आकृती सोबत आहे. हिशेब केलाय, पहारेकरी नॅनोवॅटांत, म्हणजे नखभर विजेतच भागवतो. चिपचा आराखडा शुक्रवारी कारखान्यात जातोय ना? मग बदलता येणार नाही, आणि चिप अशीच राहिली तर तुझी पदवी वर्षभर लटकेल. मला कॉलेजच्या कँटीनवाल्या रोसली आबांगने सांगितलं. तिथला चहा बरा असतो, म्हणून रोज येतो. बायान बारूत चहा मिळत नाही असं नाही.

मांडणी तू कर. पण ट्रान्झिस्टर माझे आहेत, तुझं ऐकायचे नाहीत. डॉ. तेह मला आत घेतील का, विचारशील? माफी माग म्हणाले तर मागेन. तुझ्याशी मात्र भांडेन.

वर खोटं लिहिलंय. येते आठवण. पाक लांग म्हणतात, "फोन वाजला की शिडीवरून उडी मारतोस, आणि दर वेळी निघतं गिऱ्हाईक."

पत्र आबांगच्या हाती देतोय. उद्या दुपारी कँटीनपाशी असेन. प्रयोगशाळेच्या खिडकीतून नाव घेऊन हाक मार.

तुझा (खोडलं होतं, पुन्हा लिहिलं)
हैकल