लिदिया आजींची बैठक

४ मार्च

डॉक्टर स्त्राहिलोव चाकाच्या खुर्चीचं माप पेशंटच्या अंगातल्या कोटावरूनच घेतात. माणसाला उठवायचं नाही, हात लावायचा नाही. "पंचेचाळीसची रुंदी लिही, पोरी. कंबर काय पळून जाणार आहे?" बारीक म्हातारी, ढेरपोट्या म्हातारा – सगळ्यांना तीच खुर्ची.

जेवताना पुन्हा त्यांची जर्मनीची गोष्ट. "पहिल्याच दिवशी खाणावळीतल्या बाईनं विचारलं, सूप वाढू? मी आपली मान आडवी हलवली – आपल्याकडे हो म्हणताना हलवतात तशी. तिनं ताटलीच उचलून नेली!" सगळे हसले. दर वेळी हसतात. लाचार लेकाचे.

५ मार्च

लिदिया आजींच्या घरी खुर्चीचं माप घ्यायला गेले. पक्षाघात, वाचा गेलेली, उजवीकडे कललेल्या. खुर्ची इतकी रुंद की शेजारी मांजर झोपलं होतं. खाली नेवेनाची – सुनेची – घडी घातलेली घोंगडी. ही पण वैद्य!

"सासूबाई हट्टी आहेत," म्हणाली. "सूप हवं का विचारलं की मान वरखाली – नको. भांडं उचललं की रडायला सुरुवात. मी काय करू, सांगा?"

सूप ताजं करत जा, बाई.

मी आजींना पलंगावर घेतलं, कंबर, मांडी, पाठ, सगळं नीट मोजलं. घरी बाबा म्हणाले, "एवढं शिकून खुर्च्याच विकतेस ना?"

९ मार्च

नवी अरुंद खुर्ची बसवली. घोंगडी फेकली. उजव्या बाजूला आधाराची गादी लावली, आता कलायला जागाच नाही. आजी ताठ!

"दुखतं का?" मान वरखाली. "डावीकडे टोचतंय?" पुन्हा वरखाली. नाही म्हणजे नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. किती महिन्यांनी सरळ बसल्या असतील.

फोटो काढला. स्त्राहिलोवांच्या टेबलावर ठेवणार आहे.

१० मार्च

ठेवला. फोटो बघून म्हणाले, "म्हातारी फार वाळलीय. जेवते का?" बैठकीबद्दल एक शब्द नाही. ठोंब्या.

१६ मार्च

नेवेनाचा फोन आला. धावत गेले. डाव्या बाजूला, बसायच्या हाडाखाली, कातडी फाटली आहे. आजी उजवीकडे कलत होत्या त्या याच्यापासून पळायला. मी तीच वाट बंद केली.

"तुम्ही त्यांना विचारलं नव्हतं?" नेवेना.

"दोनदा विचारलं. नाही म्हणाल्या."

"मग भोगू दे. आमची सासू रशियातून या घरात सून म्हणून आली तेव्हापासून अशीच. पन्नास वर्षांत आमची भाषा शिकली, आमच्यासारखी मान हलवायला शिकली, हेका काही गेला नाही."

घरी येताना बसमध्ये स्त्राहिलोवांची ती सूपची ताटली आठवली. पक्षाघातानं आजींची मान पुन्हा रशियातली झाली असेल तर? उतरायचा थांबा चुकला.

१७ मार्च

सकाळीच गेले. आजींसमोर गुडघ्यावर बसले.

"तुमचं नाव लिदिया ना?"

मान वरखाली.

"भूक लागलीय?"

वरखाली. वरखाली.