डिकीतली रिकामी जागा

१४ नोव्हेंबर

दादा,

आजवरच्या प्रत्येक पत्रात तुझ्या नावाआधी 'प्रिय' लिहीत आले. आज पेन तिथे थोडं थांबलं आणि तसंच पुढे गेलं. असो. वहिनीची कंबर आता कशी आहे? आम्ही ठीक. बाबा सकाळी तासभर चाकांच्या खुर्चीत बसतात. उजव्या हाताची दोन बोटं हलू लागली आहेत. पाय अजून तसाच.

तुझा निरोप आत्याने पोचवला. रविवारी येऊन बाबांची गाडी घेऊन जाणार आहेस, कारण 'तिच्या हातात ती गाडी नको'. आत्याकडे जेवताना चार माणसांत जे बोललास, तेही पोचलं. आत्याच्या कानात घातलेली गोष्ट शिळी होत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणूनच तिथे बोललास. 'हिने दोन थेंब पेट्रोल वाचवायला स्टेपनी काढून ठेवली आणि बापाला अंथरुणाला खिळवलं.'

लोकांना हे पटतं. का पटू नये? बाबांचे सगळे नियम उचलले ते मीच. दर शनिवारी चारही चाकांची हवा, तीही गाडी गार असताना. रेल्वे फाटकापाशी इंजिन बंद. सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय काढायचा, जवळ जाऊन ब्रेकवर उभं राहायचं नाही. एअर फिल्टर मी स्वतः काढून झटकते. तू याला चिंगूसपणाची शाळा म्हणायचास. चाळीस वर्षं बाबांनी लोकांना गाडी शिकवली, आणि शिकणारा घाई करू लागला की त्यांचं एकच वाक्य असायचं, 'पाय हलका ठेव.' आता त्यांचा तोच पाय मी दोन्ही हातांनी उचलून खुर्चीच्या पायरीवर ठेवते.

ती पैज तुला आठवते का? की आठवायची नाही?

फेब्रुवारीत चार दिवस आला होतास. बाबा अभिमानाने म्हणाले, गाडी पंधरा वर्षांची झाली तरी लिटरला अठरा देते. तू हसलास. म्हणालास, 'मी वीस काढून दाखवतो. आहे त्या गाडीत.' आहे त्या गाडीत, हे शब्द तुझे. पहाटे उठून एकटाच निघालास, धरणापर्यंत जाऊन आलास, टाकी पुन्हा काठोकाठ भरून हिशेब केला आणि वीस आले. बाबांनी तुझ्या पाठीवर अशी थाप मारली की तुझ्या कपातला चहा सांडला. त्या थापेसाठी मी पंधरा वर्षं हवा तपासत होते, दादा. मला ती कधी मिळाली नाही. मला मिळायचं ते 'बरं झालं'.

संध्याकाळच्या बसने तू गेलास. आठ दिवसांनी मागच्या पडवीत कुंड्या हलवताना ताडपत्रीखाली टपावरचा कॅरिअर सापडला, जो 'गंजलाय, रंगवायला काढलाय' असं सांगून तू गेला होतास. त्याच्याखाली बाबांची हत्यारांची पेटी. आणि पेटीला टेकून उभी स्टेपनी.

आहे त्या गाडीत!

त्यानंतर तीन आठवड्यांनी बाबांच्या तोंडाचा कोपरा खाली ओघळला. ॲम्ब्युलन्सला तास लागेल म्हणाले, म्हणून मी त्यांना मागच्या सीटवर झोपवून निघाले. त्या दिवशी पाय हलका ठेवला नव्हता, हे तुला कुणी सांगणार नाही म्हणून मीच सांगते. गिट्टीच्या खाणीजवळ मागचं टायर बसलं. डिकी उघडली, चटई उचलली. खाली गोल खड्डा आणि त्यात तुझी पाण्याची बाटली. पाण्याचा टँकर येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. टँकरवाल्याने बाबांना खांद्यावर घेऊन केबिनमध्ये चढवलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर बोलणं कदाचित वाचलं असतं.

इथपर्यंतचं पत्र मी मनात शंभरदा लिहिलंय, आणि दरवेळी इथेच संपवलंय. पुढचं लिहायला तीन दिवस लागले.

स्टेपनी मला सापडली होती, ती मी परत ठेवली नाही. स्वतःला सांगितलं, जड आहे, कंबर धरेल, बाबांना कळलं तर वाईट वाटेल. सगळं खोटं. बाबा भेटेल त्याला तुझे वीस सांगत होते, दूधवाल्यालासुद्धा. मला वाटलं, होऊ दे एकदा बाजाराच्या रस्त्यावर पंक्चर. त्यांना स्वतःच्या हाताने चटई उचलू दे, लाडक्या लेकाची कमाल त्यांच्याच डोळ्यांना दिसू दे. मी त्या पंक्चरची वाट बघत होते, दादा. आणि ते झालं.

तेव्हा काढलीस तू, आणि राहू दिली मी. पण मी हे कुणाच्या जेवणाच्या टेबलावर वाढलं नाही.

परवा मिस्त्रीला सहज विचारलं, स्टेपनी काढली तर गाडी किती जास्त जाते? तो हसला. 'पंधरा किलोने काय होतंय ताई? एक पोतंसुद्धा नाही. वरचा कॅरिअर काढा, तो वारा अडवतो.' म्हणजे तुझे वीस कॅरिअरने दिले. चाक उगाचच काढलंस.

आता गाडीचं. ती मिळणार नाही. रोज सकाळी मी बाबांना त्यांच्या शिकवण्याच्या जागेवर, माझ्या शेजारी बसवते आणि आम्ही तळ्याला एक फेरी मारतो. इंजिनाच्या आवाजावरून त्यांना सगळं कळतं. मी गिअर उशिरा टाकला की डावा तळवा खाली दाबतात, म्हणजे पाय हलका. तेवढंच काम त्यांच्याकडे उरलंय. ते तुला नेऊ देणार नाही.

त्यांच्या तोंडी एकच शब्द राहिलाय, हे आत्याने तुला सांगितलं नसेल, कारण मी तिला सांगितलेलं नाही. भूक लागली तरी तोच, पाठ दुखली तरी तोच, खिडकीत पाखरू आलं तरी तोच. डॉक्टर म्हणतात जीभ तिथे अडकली आहे, अर्थ शोधू नका. तो शब्द 'वीस'.

त्यांना सगळं समजतं, फक्त बोलता येत नाही. स्टेपनी कुणी काढली आणि कुणी राहू दिली, हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. रविवारी ये. त्यांच्यासमोर बसून तू तुझं सांग, मग मी माझं सांगते. नंतर ते जे म्हणतील ते दोघं मिळून ऐकू. काय म्हणतील ते आपल्याला ठाऊकच आहे.

बसने ये. न्यायला काही नाही. स्टेपनी डिकीत आहे, शनिवारी तिचीही हवा बघते.

तुझी म्हणवत नाही, पण आहे,
धाकटी